चकतीला चुंबक करताना

आमच्या घरी फ्रिज यायच्या कितीतरी आधी द्रवरूप नायट्रोजन होता. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात, पण खरं आहे. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. माझे वडील गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचे, अजूनही करतात. गावाकडे याला कांडी भरणं म्हणतात. वळूचं वीर्य बोटाएवढ्या लांबीच्या बारीक नळीत गोठवलेलं असतं, ती कांडी. अशा कांड्या कायम नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात, उणे एकशे शहाण्णव अंशांवर. ओसरीच्या कोपऱ्यात दोन कॅन असायचे. एक मोठा, साठवणीचा. एक लहान, मोटरसायकलवर गोणपाटात गुंडाळून न्यायचा.

त्या कॅनचे नियम आम्हाला चालायला लागल्याबरोबर कळले. झाकण उघडं टाकायचं नाही. कॅन आडवा करायचा नाही. मोठ्या कॅनमध्ये किती उरलं ते पाहायला बाबा लाकडी पट्टी बुडवायचे, बाहेर काढून हवेत दोनदा हलवायचे, आणि पट्टीवर जिथपर्यंत पांढरं दव चढायचं तिथपर्यंत नायट्रोजन. पट्टीवरचा आकडा वाचायचं काम माझं होतं. नायट्रोजनची गाडी अकोल्याहून पंधरा दिवसांनी यायची. तिला उशीर झाला की बाबा घरात कुणाशी धड बोलत नसत. कॅन कोरडा पडला तर आतल्या सगळ्या कांड्या मेल्या, आणि कांड्या मेल्या की पुढचे दोन महिने गोठ्यागोठ्यात तोंड दाखवायची सोय नाही. दूध उतू गेलं तर आई हळहळायची. कॅनचं झाकण उघडं राहिलं तर मात्र मार मिळायचा.

शाळेत मला कांडीवाल्याची पोरगी म्हणत. ते नुसतं नाव नसे, त्यामागे फिदीफिदी हसणंही असे. मी आठवीत असताना एकाला विचारलं होतं, "तुमची म्हैस कोनं भरली रे? माह्या बापानंच ना? मंग दूध पेताना लाज नाई वाटत?" त्यानंतर तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. बाबांना कुणीतरी हे सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "बराबर बोलली." एवढंच.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नव्हतं. बाबा दहावी, आई चौथी. मी दर्यापूरला बी.एस्सी. केलं, रोज जीपनं जाऊन-येऊन. मग अमरावतीला एम.एस्सी. भौतिकशास्त्र. तिथे एका प्रात्यक्षिकात पहिल्यांदा नायट्रोजनचा कॅन आला तेव्हा वर्गातली सगळी मुलं दोन पावलं मागे सरली आणि मी पुढे जाऊन झाकण काढलं. माझे मार्गदर्शक तेव्हाच मला ओळखायला लागले असावेत. मी त्यांना सरच म्हणते. अमरावतीतल्या शिक्षकांच्या घराण्यातले, बोलणं अगदी छापील, पण माणूस सरळ. त्यांनी विचारलं, "भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "सर, हे आमच्या ओसरीत असतं." पुढे पीएच.डी.साठी त्यांनीच मला विषय दिला.

विषय असा. काही पदार्थ खूप थंड केले की त्यांचा विजेला होणारा विरोध पूर्ण नाहीसा होतो. त्यांना अतिवाहक म्हणतात. त्यातले बरेचसे इतके थंड करावे लागतात की आपल्याकडे ते परवडत नाही. पण एक जात अशी आहे की ती नायट्रोजनच्या थंडाव्यातच अतिवाहक होते. दिसायला काळी, ठिसूळ, चिनीमातीसारखी चकती. या चकतीची गंमत म्हणजे तिच्यात चुंबकत्व कोंडता येतं. एकदा कोंडलं की थंड आहे तोवर ती चुंबक होऊन बसते, आणि चांगली असेल तर साध्या लोहचुंबकाला मागे टाकते. गरम झाली की सगळं गेलं. पुन्हा पहिल्यापासून.

कोंडायच्या तीन रीती आहेत. हे मी आईला समजावलं ते इथेही तसंच सांगते, कारण मला स्वतःला ते तिला सांगतानाच नीट समजलं. आपली काळी माती घ्या. पहिली रीत, ओल्या मातीत पाय रोवून उभं राहायचं आणि माती वाळेपर्यंत हलायचं नाही. वाळली की पाय काढा, ठसा राहतो. म्हणजे चकती आधी मोठ्या चुंबकात ठेवायची, तिथेच थंड करायची, मग चुंबक बाजूला घ्यायचा. उत्तम रीत, पण त्यासाठी तेवढा मोठा चुंबक आधी जवळ पाहिजे. दुसरी रीत, वाळलेल्या मातीवर हळूहळू वजन वाढवत न्यायचं, ठसा उमटेपर्यंत, आणि मग हळूहळू कमी करायचं. त्यालाही तसाच, किंबहुना आणखी मोठा चुंबक लागतो. तिसरी रीत, वाळलेल्या मातीवर एकच दणका. तांब्याच्या तारेच्या कॉइलमधून एका क्षणापुरता प्रचंड प्रवाह सोडायचा, त्या क्षणापुरतं मोठं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि त्याचा काही भाग चकतीत अडकून राहतो. याला यंत्रं थोडी लागतात. फक्त एक अडचण आहे. दणक्यानं माती तापते, आणि तापली की मऊ पडते. ठसा उमटतो आणि लगेच ढासळतो.

मोठा चुंबक आमच्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात नव्हता, येणारही नव्हता. म्हणून आमची रीत तिसरी.

पहिल्या वर्षाच्या शेवटी संशोधन समितीपुढे मला काम मांडायचं होतं. समितीत तिघे होते. बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी माझं बोलणं अर्ध्यावर थांबवलं. म्हणाले, "मुली, अशा चकत्या बनवायला आणि तपासायला मोठमोठ्या प्रयोगशाळा आहेत. तू अमरावतीत बसून कशाला हा खटाटोप करतेस? संगणकावर प्रतिकृती कर. तीन वर्षांत पदवी मिळेल, कुणाला त्रास नाही." सरांनी माझ्या बाजूनं बरंच सांगितलं. शेवटी ठरलं ते असं. चकती एका बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तीन महिन्यांसाठी मिळाली होती. त्या तीन महिन्यांत मी दणक्याच्या रीतीनं चकतीच्या मध्यावर अर्धा टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) क्षेत्र कोंडून दाखवायचं, आणि तेही दणका दिल्यानंतर पाच मिनिटांनी मोजलेलं. जमलं तर प्रयोग चालू. नाही जमलं तर चकती परत, आणि मी संगणकावर.

संगणकाला मी कमी लेखत नाही. पण मला हातानं करायचं होतं. आणि खरं सांगायचं तर "अमरावतीत बसून" हे शब्द मला लागले होते.

पहिला प्रश्न कॉइलचा. जाड तार, कमी आटे, आत लोखंड नाही, आणि नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर तडकू नये. अमरावतीतल्या दोन मोटर रिवाइंडिंगवाल्यांनी तार पाहूनच नको म्हटलं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अकोल्याले ये. नायट्रोजनच्या गाडीच्या कामानं मी जातोच हावो. तिथे एक मानूस हाये."

तो माणूस म्हणजे पंपांच्या मोटरी गुंडाळणारा एक म्हातारा मिस्तरी. दुकानाबाहेर सबमर्सिबल मोटरींची रांग, आत वॉर्निशचा वास. त्यानं माझा कागद चष्म्याच्या खालून वाचला.

"कोन्त्या मोटरची हाये, ताई?"

"मोटरची नाही. नुसती कॉइल."

"अन् लोखंड?"

"लोखंड नाही."

"मंग हे फिरवते काय?"

"काहीच नाही. एक झटका देते."

"कोनाले?"

"एका चकतीला."

मिस्तरीनं बाबांकडे पाहिलं. "पोरगी शिकेल हाये ना?"

"बम शिकेल हाये," बाबा म्हणाले. "म्हनूनच तं समजत नाई."

मिस्तरी हसला आणि कामाला लागला. वॉर्निश लावू का म्हणाला. मी सांगितलं, ही उणे एकशे शहाण्णववर जाणार. त्यानं हात थांबवला. "मंग वॉर्निश तडकते." बाबा म्हणाले, "तडकते तं. माह्या कॅनच्या तोंडाले मागं रंग देल्ला होता, पहिल्याच दिवशी पोपडे." शेवटी सुती पट्टी घट्ट आवळून बांधायची आणि वरून मी आणलेला, थंडीत न तडकणारा राळेचा लेप, असं ठरलं. आटे मोजताना त्यानं हातानंच आम्हाला गप्प बसायची खूण केली आणि आम्ही दोघं बाकावर मुकाट्यानं बसलो. अडीच तासांनी कॉइल हातात आली तेव्हा ती इतकी सुबक होती की मला ती बुडवायचीच नव्हती. झटका बसला की कॉइलच्या तारा बाहेरच्या बाजूला ढकलल्या जातात. ही पट्टी त्यांना धरून ठेवणार होती. आजवर शेकडो झटके झाले, ती कॉइल जागची हललेली नाही.

प्रयोग सुरू झाला. थर्माकोलच्या जाड डब्यात कॉइल, कॉइलच्या मध्ये चकती, चकतीवर क्षेत्र मोजणारा बारीकसा सेन्सर. बाजूला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणारे डबे, आणि त्यांच्याभोवती पिवळी पट्टी. त्या पट्टीच्या आत प्रयोग चालू असताना कुणी यायचं नाही. डब्यात नायट्रोजन ओतायचा, चकती थंड होऊ द्यायची, कपॅसिटर भरायचे, बटण. खट्ट असा आवाज. मग पाच मिनिटांनी आकडा.

पहिल्या दिवशी तीन दशांश टेस्लाच्या थोडं वर आकडा आला. मी सरांच्या खोलीत धावत गेले. त्यांनीही आनंदानं पाहिलं आणि म्हणाले, "आता त्यावर दुसरा झटका दे. पुस्तकात तर दर झटक्याला वाढतं."

दुसऱ्या झटक्यानंतर आकडा कमी झाला. तिसऱ्यानंतर आणखी कमी.

मी झटका मोठा केला. आणखी कमी. चकती गरम करून, सगळं पुसून, पुन्हा पहिल्यापासून केलं. तेच. पहिला बरा, पुढचे वाईट. एक महिना गेला, दुसराही सरत आला. मी सेन्सर बदलला. कपॅसिटर बदलले. कॉइलवर संशय घेतला आणि मिस्तरीला फोन करून विचारलं, आटे नक्की बरोबर होते ना. तो नाराज झाला. "ताई, चाळीस वर्षांत माहे आटे कोनं मोजले नाई," म्हणाला आणि फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं. शेवटी मी चकतीलाच दोष द्यायला लागले. सर शांतपणे म्हणाले, "चकती तपासून आलेली आहे. आपण कुठेतरी चुकतोय." रोज हेच वाक्य.

त्याच आठवड्यात नायट्रोजनची गाडी बिघडली आणि अमरावतीला येणार नाही असा निरोप आला. आमच्या लॅबमध्ये जेमतेम एका दिवसाचा साठा उरला होता. चकती परत द्यायला सतरा दिवस राहिले होते. मी बाबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः अकोल्याला गेले, आमच्या केंद्राच्या नावानं कॅन भरून घेतला, आणि जीपच्या मागच्या सीटवर कॅन मांडीला टेकवून अमरावतीला आले. ड्रायव्हर म्हणे सारखा विचारत होता, "काका, हे फुटत तं नाई ना?" बाबा म्हणाले, "तू खड्डे चुकव, मी कॅन पाहतो."

बाबा माझ्या लॅबमध्ये पहिल्यांदाच आले होते. चप्पल दाराबाहेर काढून आत आले. मी म्हटलं, "बाबा, चप्पल घाला, इथे चालते." तरी घातली नाही. सरांनी उठून त्यांना खुर्ची दिली, तर ते खुर्चीच्या कडेवर बसले. मग नजर डब्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"हे एवढंसं?"

"हो."

"याच्यासाठी एवढं सामान?"

"बाबा, पिवळ्या पट्टीच्या मागं राहा. मी या म्हणेपर्यंत पुढे यायचं नाही."

"म्या काय गाईच्या मागं उभं राहून आयुष्य काढलं, मले दूर राहनं शिकवतं का वं?" पण ते पट्टीच्या मागेच थांबले.

मी त्यांच्यासमोर एक पूर्ण फेरी केली. पहिला झटका. पाच मिनिटं. आकडा बरा. डब्यात वरून थोडासा नायट्रोजन टाकला, झाकण लावलं, कपॅसिटर भरले. दुसरा झटका. आकडा उतरला. मी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. कपॅसिटर रिकामे केले, उरलीसुरली वीज काढणारी दांडी टेकवून तपासले, आणि मी त्यांना म्हटलं, आता येऊ शकता. ते आले, झाकण उचललं आणि डब्यात डोकावले. खिशातून छोटी लाकडी पट्टी काढली, डब्यात घातली, बाहेर काढून दोनदा हलवली.

"अवं," ते म्हणाले, "हे तं अर्धं उघडं पडून राहिलं."

"काय?"

"तुही चकती. वरून उघडी हाये. अन् हे पाह्य, उकळून राहिलं अजून."

मी म्हटलं, "बाबा, नायट्रोजन उकळतच असतो." जरा तोऱ्यातच म्हटलं. मी पीएच.डी. करत होते.

"उकळते ना, पन असं नाई उकळत. कॅनमंदी उकळते तं हळू उकळते. हे तं कांडी काढायचा गरम चिमटा टाकल्यावानी उकळून राहिलं. चिमटा टाकला तं म्या उकळी बसेपर्यंत कांडीले हात लावत नाई. तू तं लगेच झाकण लावून दुसरा झटका देल्ला."

मी बचाव केला. "पण बाबा, झाकण उघडं ठेवलं, वर भरत राहिलं, तर नायट्रोजन किती उडेल. तुम्हीच तर शिकवलं."

यावर ते हसले. ते हसणं मला आजही आठवतं, कारण त्यात चेष्टा होती आणि अभिमानही होता. "म्या कांडी राखायचं शिकवलं. कांडी आधीच थंड असते, तिले नुसतं राखायचं असते. तुह्या चकतीले तू दणका देऊन राहिली, ते तापून राहिली. राखनं वेगळं अन् थंड करनं वेगळं. थंड करताना नायट्रोजनचा इचार करायचा नसते, माय."

सर खुर्चीतून उठून डब्याजवळ आले होते. त्यांनी वाकून डब्यात पाहिलं. मग म्हणाले, "आपण पातळी कधी मोजलीच नाही."

आता मला लख्ख दिसत होतं. लहानपणापासून अंगात मुरलेली काटकसर. दुसऱ्या कुठल्या मुलीनं नायट्रोजन भसाभस ओतला असता, आणि तिला पहिल्याच आठवड्यात आकडा मिळाला असता. मी मात्र डबा चकतीच्या जेमतेम वरपर्यंत भरत होते. झटक्यानं कॉइल तापायची, चकती तापायची, नायट्रोजन उडायचा, चकतीचा वरचा भाग उघडा पडायचा, आणि मी थेंब वाचवायला झाकण दाबून पुढचा झटका द्यायचे. तापलेल्या, मऊ पडलेल्या मातीवर दणके घालत होते. त्यात झटका मोठा केला की आणखी तापायचं. घरातलं शहाणपण मी चुकीच्या जागी नेऊन ठेवलं होतं, आणि ते घरातल्याच माणसाला दिसलं.

मी बाबांना रागानं म्हटलं, "आधी कावून नाई सांगितलं?" माझी बोली लॅबमध्ये अशी कधी निघाली नव्हती.

"तू आधी कधी बोलावलं मले?" ते म्हणाले.

त्यांना दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं. तरी चारपर्यंत थांबले. आम्ही चकती गरम करून सगळं पुसलं आणि नायट्रोजन चकतीच्या चांगला चार बोटं वर येईल असा डबा भरला. पहिला झटका दिला. झाकण उघडं ठेवून वाट पाहिली. बाबा लाकडी पट्टीनं पातळी पाहत आणि मला सांगत, "टाक. अजून टाक. आता राहू दे." डब्यातली खळबळ हळूहळू कमी होत गेली. खालून येणारे मोठे बुडबुडे थांबले, बारीक बुडबुड्यांच्या सरी राहिल्या, मग त्याही विरळ झाल्या. "आता," बाबा म्हणाले. मी त्यांना पिवळ्या पट्टीमागे पाठवलं आणि दुसरा झटका दिला.

पाच मिनिटांनी आकडा पहिल्यापेक्षा वर होता.

थोडासाच वर. पण वर. सरांनी चष्मा काढून पुसला. बाबांनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "सुरू झालं." ते म्हणाले, "मंग मी निघतो, उद्या दोन गाई हायेत." आणि कॅनचं झाकण दोनदा तपासून गेले.

पुढचे दहा दिवस मी माझं काम केलं, कारण उरलेलं बाबांना दिसण्यासारखं नव्हतं. उकळी बसली हे डोळ्यांनी ठरवून प्रबंधात लिहिता येत नाही. म्हणून मी चकतीला तापमान मोजणारी बारीक तार चिकटवली आणि दर झटक्यानंतर आलेख काढला. झटका बसला की तापमान उसळी घ्यायचं आणि मग उतरायचं. ते मूळ जागी आलं आणि डब्यातली मोठी उकळी बसली, या दोन गोष्टी दर वेळी जवळजवळ एकाच सुमारास व्हायच्या. मग मोजून ठरवलं, किती थांबायचं. झटक्यांचा आकारही बदलला. पहिला मोठा, पुढचे जरा जरा लहान, म्हणजे आधी कोंडलेलं ढासळत नाही. सरांनी आणि मी मिळून हा क्रम बसवला. आकडा रोज थोडा थोडा चढत गेला आणि अर्ध्या टेस्लाच्या अगदी अलीकडे येऊन थांबला. मग एका दुपारी, पाचव्या झटक्यानंतर, पार झाला. मी आकडा दोनदा वाचला. मग सरांना बोलावून त्यांच्याकडून वाचवून घेतला.

मिस्तरीलाही फोन केला. म्हटलं, "काका, आटे बरोबर होते." तो म्हणाला, "मले माहीत हाये." फोन ठेवला नाही मात्र. म्हणाला, "मंग चकतीले झटका बसला?" मी म्हटलं, "बसला आणि राहिलाही."

चकती परत द्यायच्या दोन दिवस आधी समिती आली. तेच तिघे. मी आलेख दाखवले. बाहेरचे प्राध्यापक म्हणाले, "आलेख चांगले आहेत. आता समोर करून दाखव." मला हेच हवं होतं.

पहिला झटका दिला. ते घड्याळाकडे पाहत उभे होते. आकडा आला. मी नायट्रोजन ओतला, झाकण उघडंच ठेवलं, हात मागे बांधून उभी राहिले. एक मिनिट गेलं.

"पुढचा दे ना," ते म्हणाले.

"थांबा सर. अजून तापलेली आहे."

"नायट्रोजनमध्ये बुडलेली आहे. तापलेली कशी असेल?"

"खाली पाहा, सर. उकळतंय."

ते डब्यावर वाकले. पांढरी वाफ त्यांच्या चष्म्यावर आली, त्यांनी चष्मा काढला आणि तसेच पाहत राहिले. मी आणखी नायट्रोजन ओतला. आमचे सर भिंतीला टेकून उभे होते. समितीतल्या बाईंनी विचारलं, "हे थांबायचं कसं ठरवलं?" मी आलेखाचं पान उलटून दाखवलं. मग म्हटलं, "आलेख नंतर काढला. आधी माझ्या वडिलांनी सांगितलं."

"वडील याच क्षेत्रात आहेत?" बाहेरच्या प्राध्यापकांनी विचारलं.

"दर्यापूर तालुक्यात कृत्रिम रेतन करतात. गावात त्यांना कांडीवाला म्हणतात. पंचवीस-तीस वर्षं रोज नायट्रोजन हाताळतात. या खोलीत त्यांच्याएवढा अनुभव कुणाचा नाही, सर."

लहानपणी ज्या शब्दावर लोक हसायचे तो शब्द मी समितीपुढे उच्चारला होता आणि कुणी हसलं नाही. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

मोठे बुडबुडे थांबले. मी सगळ्यांना पट्टीमागे जायला सांगितलं. बाहेरचे प्राध्यापक सगळ्यात आधी गेले. दुसरा झटका, मग थांबणं. तिसरा, मग थांबणं. थांबण्याच्या वेळात सगळे डब्यातच पाहत होते. चौथा. पाचवा. पाच मिनिटं घड्याळ लावून मोजली, त्यांच्याच घड्याळानं. मग मी सेन्सरचा आकडा त्यांना स्वतः वाचायला सांगितला.

त्यांनी तो मोठ्यानं वाचला. अर्ध्या टेस्लाच्या वर, फारसा नाही, पण वर.

"पुन्हा एकदा करता येईल का? गरम करून, पहिल्यापासून?"

"येईल. दोन तास लागतील. नायट्रोजन आहे."

ते दोन तास बसले. दुसऱ्यांदाही आकडा वरच आला, किंचित जास्तच. त्यांनी समितीचा कागद ओढला आणि उभ्या-उभ्याच लिहिलं, प्रयोग चालू ठेवावा, आणि चकतीची मुदत वाढवून देण्यासाठी संबंधित प्रयोगशाळेला समितीतर्फे पत्र पाठवावं. सही केली. मग मला विचारलं, "तुझे वडील अमरावतीला पुन्हा कधी येणार आहेत?"